हौशी चित्रकाराचा पहिला प्रेक्षक



चित्रांवर व्याख्यान द्यावयाचे म्हणजे पंक्तीला बसलेल्या मंडळींना पदार्थांची नावे वाचून दाखविण्यासारखे आहे. पदार्थ ताटात पडल्याखेरीज नावे ऐकून कोणाचे पोट भरत नाही. तरीही हा विषय मी मुद्दाम घेतला आहे, कारण ज्या चित्रांविषयी मला बोलावयाचे आहे ती पाहण्यासाठी आपणांस मुंबईला किंवा पुण्याला जावे लागणार नाही. ती याच गावात आहेत, आणि बहुधा आपल्याच घरात आहेत. कपाटाच्या वरच्या फळीवर गुंडाळी करून ठेवलेल्या कागदांत आहेत, ट्रंकेच्या तळाशी आहेत, हिशेबाच्या वहीच्या शेवटच्या चार पानांवर आहेत. ती काढणारी माणसे चित्रकार म्हणून ओळखली जात नाहीत. कोणी शिक्षक आहे, कोणी कचेरीत कारकून आहे, कोणी किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बसतो, कोणी गृहिणी आहे. रात्रीची जेवणे झाली, मुले झोपली, की त्यांचा हात चालू लागतो. सकाळी ते कागद पुन्हा फळीवर जातात. अशा माणसांना प्रेक्षक मिळत नाही, आणि तो मिळवून देणे हे गावाचे काम आहे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

'हौशी' हा शब्द आपण दोन तऱ्हांनी उच्चारतो. नाटकाच्या बाबतीत तो मानाचा आहे. १९५४ साली राज्य नाट्यस्पर्धा सुरू झाली, तेव्हापासून गावोगावच्या हौशी मंडळींनी दिवसा नोकरी आणि रात्री तालीम करून मराठी रंगभूमी जागती ठेवली आहे. हौशी नट म्हटले की आपण कौतुकाने पाहतो. पण 'तो जरा हौशी चित्रकार आहे' असे म्हणताना आपला आवाज किंचित खाली येतो. त्या वाक्यात 'वेळ जात नाही म्हणून काढतो' असा एक अर्थ लपलेला असतो.

असा भेद का पडावा? मला वाटते, त्याचे कारण कलेत नसून व्यवस्थेत आहे. नटाला प्रेक्षकांवाचून गत्यंतरच नसते. खोलीचे दार लावून नाटक करता येत नाही. म्हणून नाटकासाठी मंडळ निघते, सभागृह मिळते, वर्गणी जमते. भजन एकट्याने म्हणता येते, पण टाळ-मृदंगाची साथ लागली की भजनी मंडळ उभे राहते. कवीला कविसंमेलन आहे. वक्त्याला तर व्याख्यानमाला आहे. १८७५ साली पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि तिचे अनुकरण गावोगावी झाले, म्हणून माझ्यासारख्याला आज दोन शब्द बोलता येत आहेत. चित्राचे मात्र तसे नाही. ते एकट्याने काढता येते, दार लावून काढता येते, म्हणून त्याला कोणाची गरजच नाही असे आपण धरून चाललो. चित्र काढण्याला सोबत लागत नाही हे खरे. पण काढून झालेल्या चित्राला पाहणारा लागतो, आणि तो नसला की हात हळूहळू थांबतो.

हात थांबण्याची ही क्रिया आपल्याकडे फार लवकर सुरू होते. आपल्यापैकी कित्येकांनी शाळेत असताना चित्रकलेच्या सरकारी परीक्षा दिल्या असतील. आधी एलिमेंटरी, मग इंटरमीजिएट. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. रविवारी सकाळी चित्रकलेचे मास्तर जादा तास घेत, पाण्याचा डबा आणि रंगांची पेटी घेऊन मुले हजर होत. महाराष्ट्रात पिढ्यान् पिढ्या मुलांनी या परीक्षा दिल्या आहेत. अलीकडच्या वर्षांत त्यांच्या श्रेणीवर दहावीच्या निकालात वाढीव गुणही मिळू लागले. ही सोय चांगलीच आहे. पण एक गंमत पाहा. परीक्षेची उत्तरपत्रिका, म्हणजे मुलाने सर्वांत मन लावून काढलेले चित्र, ते तपासनीसाकडे जाते. आईबाप ते पाहत नाहीत, वर्गमित्र पाहत नाहीत. घरी परत येते ती फक्त 'अ', 'ब' किंवा 'क' ही श्रेणी. आपले चित्र हे दाखविण्यासाठी नसून तपासून घेण्यासाठी असते, असा धडा मूल तेथे नकळत शिकते. इंटरमीजिएट झाली, दहावी झाली, की रंगांची पेटी माळ्यावर जाते. पुढे ते मूल इंजिनिअर होते, व्यापारी होते, शिक्षिका होते. पेटीतले रंग वाळून खडे होतात.

आता कोणी म्हणेल, आपल्या लोकांत कला दाखविण्याची प्रथाच नव्हती, मग दोष कोणाला द्यावयाचा? हा आक्षेप मला मान्य नाही. प्रथा होती आणि ती फार मोठी होती. आपण तिला प्रदर्शन म्हणत नव्हतो, रुखवत म्हणत होतो. लग्नाच्या मांडवात एका बाजूला टेबले लावून जे मांडलेले असे ते आठवून पाहा. क्रोशाचे रुमाल, मण्यांची तोरणे, लवंगांचे तुळशीवृंदावन, सुपाऱ्यांना कपडे नेसवून केलेली सप्तपदी, साखरेच्या पाकाची फळे, भरतकामाचा राजहंस, रंगीत करंज्यांचा मोर. हे सर्व महिनामहिना राबून केलेले असे. वरपक्षाच्या बायका, गल्लीतल्या बायका, लग्नाला आलेली सारी मंडळी त्या टेबलांपाशी थांबत, वाकून पाहत, 'हे कसे केले ग?' असे विचारत. आणि जिने केले ती एखादी मावशी किंवा शेजारच्या काकू मागे उभी राहून ऐकत असे. संगीताच्या बैठकीत जी दाद मिळते तीच ही दाद होती.

आपल्या खानदेशात तर अशा निमित्तांना तोटा नव्हता. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली मातीची गुलाबाई मांडतात, तिच्याभोवती आरास करतात आणि घरोघर जाऊन गाणी म्हणतात. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, तेव्हा चौरंगापासून मखरापर्यंत सर्व सजावट घरातल्या हातांनी होते. पोळ्याला मातीचे बैल होतात. या प्रत्येक प्रसंगी करणारी आणि पाहणारी माणसे एकत्र येतात. कोणी तिकीट काढीत नाही, कोणी गुण देत नाही.

रुखवताची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी जुन्या काळाची नुसती आरती केल्यासारखे होईल. रुखवत ही वधूची एक परीक्षाही होती. मुलगी गृहकृत्यदक्ष आहे की नाही हे सासरची माणसे त्या टेबलांवर जोखीत. सात जणींनी केलेले काम 'सर्व मुलीने केले आहे' असे सांगावे लागे, आणि त्या सहा जणींचे नाव कोणाला कळत नसे. वर्षातून, कदाचित आयुष्यातून एकदा, दोन तासांपुरती ही दाद. मग मांडव उतरला की सगळे बासनात. आज तर तयार रुखवत बाजारात विकत मिळते. ते दिसायला अधिक नेटके असते, पण त्याच्यापुढे 'हे कसे केले ग?' असे कोणाला विचारणार? म्हणजे प्रथेतले ओझे गेले ते बरे झाले. पण तिच्याबरोबर हातांना मिळणारी दादही गेली, आणि तिच्या जागी आपण दुसरे काही ठेवले नाही.

दाद देणारा नसेल तर काय होते, आणि असला तर काय होते, हे समजावून घेण्यास खानदेशच्या बाहेर जाण्याची गरज नाही. बहिणाबाई चौधरींचे उदाहरण आपणां सर्वांस ठाऊक आहे. १८८० साली असोद्याला जन्म, शेतावरचे आणि घरचे काम, अक्षरओळख नाही. जात्यावर बसल्या की ओव्या सुचत. त्या चित्रकार नव्हत्या, पण हौशी कलावंताची स्थिती त्यांच्याइतकी स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही. त्यांनी रचलेले जे आज आपल्यापाशी आहे ते केवळ एवढ्यासाठी आहे, की घरातल्या दोघांनी कान दिला. पुत्र सोपानदेव आणि त्यांचे मावसबंधू यांनी ऐकले, टिपून ठेवले. बहिणाबाई ३ डिसेंबर १९५१ रोजी गेल्या. त्यानंतर ते हस्तलिखित आचार्य अत्र्यांच्या हाती पडले आणि १९५२ साली पुस्तक प्रसिद्ध झाले. महाराष्ट्राने ते डोक्यावर घेतले, पण ज्यांचे ते पुस्तक त्यांनी ते पाहिले नाही. आणि ज्या दिवशी टिपणारे कोणी जवळ नव्हते, त्या दिवशीच्या ओव्या पिठाबरोबर गेल्या. त्यांचा हिशेब आता कोणालाही मांडता येणार नाही. एका बहिणाबाईला कान देणारे मिळाले. ज्यांना मिळाले नाहीत त्यांची नावे आपणांस माहीत असण्याचे कारणच नाही. या विषयात गमावण्यासारखे काय आहे असे कोणी विचारले, तर त्याचे उत्तर हे आहे.

दुसरे उदाहरण अमळनेरचे. साने गुरुजी १९२४ साली तेथील शाळेत शिक्षक झाले आणि पुढे त्यांच्याकडे छात्रालय आले. त्या छात्रालयात त्यांनी हाताने लिहिलेले एक दैनिक चालविले, 'छात्रालय दैनिक'. छापखाना नाही, वर्गणीदार नाहीत, जाहिराती नाहीत. वाचक म्हणजे छात्रालयातलीच मुले. पण मुलांना दररोज कोणीतरी आपल्यासाठी लिहीत आहे, आणि आपण वाचतो की नाही इकडे त्याचे लक्ष आहे, ही जाणीव त्या कागदांनी दिली. हस्तलिखितांची ही चाल महाराष्ट्रातल्या अनेक शाळा-महाविद्यालयांत होती. कोणी लेख लिही, सुंदर अक्षराचा विद्यार्थी तो उतरवून काढी, आणि ज्याचा हात चित्रात चाले तो मुखपृष्ठ व शीर्षके रंगवी. एकच प्रत असे, आणि ती वाचनालयात ठेवली जाई. एका प्रतीचे मासिक म्हटल्यावर आज आपणांस हसू येईल. पण त्या एका प्रतीने कित्येक मुलांना पहिला प्रेक्षक मिळवून दिला.

आणि धुळ्याने तर या बाबतीत विशेष अभिमान बाळगावा अशी या गावाची पुण्याई आहे. १९३२ साली येथील तुरुंगात विनोबांनी २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली. ती आज वाचावयास मिळतात, कारण श्रोत्यांत साने गुरुजी होते आणि त्यांनी ती लिहून घेतली. इतिहासाचार्य राजवाड्यांनी आयुष्यभर दुसरे काय केले? गावोगाव पायपीट करून, लोकांच्या माळ्यांवर कसर खात पडलेली दप्तरे त्यांनी बाहेर काढली. ज्यांच्या घरात ती होती त्यांना ती रद्दी वाटत होती. ३१ डिसेंबर १९२६ रोजी राजवाडे याच गावी निवर्तले आणि १९२७ साली त्यांच्या नावाने येथे संशोधन मंडळ उभे राहिले. शंकरराव देवांनी समर्थ संप्रदायाची हस्तलिखिते मठामठांतून गोळा केली, ती येथेच वाग्देवता मंदिरात जतन झाली. दुसऱ्याच्या घरातले मोल ओळखून ते चार लोकांपुढे आणणे हा या गावाचा जुना धंदा आहे असे म्हटले तरी चालेल. शब्दांच्या बाबतीत आपण हे केले. रेषांच्या बाबतीत अजून करावयाचे आहे.

रेषा आणि छाया यांच्याविषयी बोलताना चाळीसगावच्या केकी मूस यांचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. १९१२ साली मुंबईत जन्मलेले हे पारशी गृहस्थ. विलायतेत जाऊन कलेचे शिक्षण घेतलेले, त्यामुळे त्यांना केवळ हौशी म्हणणे योग्य होणार नाही. पण विलायतेहून परतल्यावर त्यांनी मोठ्या शहरात दुकान थाटले नाही. चाळीसगावच्या रेल्वे स्टेशनजवळच्या आपल्या घरात ते राहिले, आणि १९८९ साली देहावसान होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ अर्धशतक, सहसा घराबाहेर पडले नाहीत. त्यांच्या एकांतवासाविषयी आणि रात्रीच्या पंजाब मेलविषयी ज्या कथा सांगितल्या जातात त्या आपण ऐकल्या असतील. त्या कथा बाजूला ठेवून त्यांच्या कामाकडे पाहिले पाहिजे. टेबलावर लहानसहान वस्तूंची मांडणी करावयाची आणि प्रकाश असा टाकावयाचा, की छायाचित्रात पाहणाऱ्याला विस्तीर्ण देखावा दिसावा, हा प्रकार त्यांनी पराकोटीला नेला. त्याशिवाय चित्रे, शिल्पे, लाकूडकाम, कागदाच्या घड्यांच्या आकृती. एका माणसाच्या हातून हे सर्व झाले. मला त्यातली महत्त्वाची वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. हा माणूस घराबाहेर पडत नव्हता, पण त्याने आपले काम कोंडून ठेवले नाही. त्यांची छायाचित्रे देशोदेशींच्या प्रदर्शनांत गेली, आणि पाहणारी माणसे चाळीसगावला त्यांच्या दारी आली. त्यांच्या पश्चात ते घर आज कलादालन म्हणून उभे आहे. एकांत आणि प्रेक्षक या दोहोंत विरोध नाही, हे केकी मूस यांच्याकडून शिकावे. काम एकांतात व्हावे, पण दाराची कडी आतून कायमची लावलेली नसावी.

हे केवळ आपल्याकडचे आहे असे नाही. अमेरिकेत अ‍ॅना मेरी मोझेस नावाची एक शेतकरीण होऊन गेली. जन्म १८६० चा. आयुष्यभर शेत, गायी, लोणी आणि मुरंबे. म्हातारपणी ती लोकरीच्या धाग्यांनी देखावे भरू लागली. संधिवाताने बोटे आखडली, सुई धरवेना, तेव्हा सत्तरी उलटल्यावर तिने कुंचला हाती घेतला. तिने आपली चित्रे आणि मुरंबे दोन्ही जत्रेतल्या प्रदर्शनात पाठविली. मुरंब्याला बक्षीस मिळाले, चित्रांना काही मिळाले नाही! पुढे गावातल्या औषधांच्या दुकानाच्या खिडकीत तिची चित्रे ठेवलेली होती. १९३८ साली तेथून जाणाऱ्या एका चित्रसंग्राहकाने ती पाहिली, सगळी विकत घेतली आणि आणखी आहेत का म्हणून चौकशी केली. दोन वर्षांत न्यूयॉर्कमध्ये तिचे स्वतंत्र प्रदर्शन भरले. १०१ वर्षांची होऊन ती वारली तेव्हा तिचे नाव घरोघरी झाले होते. या गोष्टीत मला त्या संग्राहकाइतकाच मोठा वाटतो तो औषधाचा दुकानदार. त्याला कलेतले कितपत कळत होते कोणास ठाऊक. पण आपल्या दुकानाची खिडकी त्याने शेजारणीच्या चित्रांना दिली. धुळ्यात औषधांची दुकाने काही कमी नाहीत.

आपल्या देशातले थोर उदाहरण रवींद्रनाथांचे. कवितेच्या वहीत खोडलेल्या ओळी एकमेकींना जोडता जोडता त्यांतून पक्षी, मुखवटे, चमत्कारिक प्राणी निघू लागले. १९२४ साली ते अर्जेंटिनात असताना व्हिक्टोरिया ओकाम्पो या विदुषीने ती वही पाहिली आणि त्या खाडाखोडीत तिला चित्र दिसले. १९३० साली पॅरिसमध्ये त्यांचे पहिले प्रदर्शन भरले ते तिच्याच खटपटीने. जगाने ज्याला महाकवी मानले त्यालाही आपल्या रेघोट्यांसाठी पहिला प्रेक्षक लागला. मग आपल्या गल्लीतल्या कारकुनाला तो लागला तर त्यात कमीपणा कसला?

पॅरिसमध्येच १८८४ साली चित्रकारांनी एक संस्था काढली होती. तिच्या प्रदर्शनात निवड करणारे पंच नाहीत आणि बक्षिसेही नाहीत, असा तिचा नियम. जकातीच्या नाक्यावर नोकरी करणारा आंरी रूसो नावाचा एक गृहस्थ १८८६ पासून तेथे चित्रे मांडू लागला. लोक पोट धरून हसत. तो पुढच्या वर्षी पुन्हा नवी चित्रे घेऊन येई. आज त्याची चित्रे जगातल्या मोठ्या संग्रहालयांत आहेत. पंच असते तर त्याला पहिल्याच वर्षी दारातून परत पाठविला असता. दार उघडे ठेवण्याचा नियम होता म्हणून त्याला वर्षानुवर्षे काम करता आले.

या सगळ्यात एक सावधगिरीचा इशाराही आहे, आणि तो आपल्या महाराष्ट्रातूनच मिळतो. वारली समाजात लग्नाच्या वेळी कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिण्याचा मान सवाष्णींचा. पिढ्यान् पिढ्या ते काम त्यांनी केले. १९७० नंतरच्या वर्षांत भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार त्या पाड्यांवर गेले, त्यांनी कागद आणि रंग दिले, ती कला शहरात आणली. जिव्या सोमा मशे यांचा विलक्षण हात त्यामुळे जगापुढे आला. १९७५ साली मुंबईत त्यांचे प्रदर्शन भरले आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. हा मान सर्वस्वी योग्यच होता. पण भिंतींवर ज्यांनी ही रेषा जिवंत ठेवली त्या सवाष्णींची नावे कोणत्या कागदावर आहेत? भिंत सारवली गेली, नावही गेले. म्हणून पहिल्या प्रेक्षकाने एक पथ्य पाळावे. चित्र पाहताना काढणाऱ्याचे नाव विचारावे, ते लिहून ठेवावे, आणि सात जणींनी मिळून केलेल्या कामाखाली सातही नावे घालावीत.

कोणी तरुण मित्र म्हणतील, आता हे सर्व जुने झाले. चित्र काढले की मोबाईलवर टाकता येते, क्षणात शेकडो लोक पाहतात. ही सोय मी कमी लेखीत नाही. दूरच्या खेड्यातल्या मुलीला तिने पुष्कळ धीर दिला आहे. पण तळहाताएवढ्या काचेवर चित्राचे आकारमान कळत नाही, कागदाचा खरखरीतपणा कळत नाही, गोधडीची टाच बोटाला लागत नाही. शिवाय अंगठ्याच्या एका स्पर्शाने दिलेली पसंती दुसऱ्या क्षणी विसरली जाते. चित्रापुढे उभा असलेला माणूस डोके कलते करून पाहतो, एक पाऊल मागे जातो, पुन्हा जवळ येतो. काढणाऱ्याला त्याचा तो चेहरा पाहावयास मिळाला, तर आपल्या चित्रात काय साधले आणि काय राहिले हे त्याला कोणी न सांगता कळते. ते शिक्षण दुसरीकडे मिळत नाही.

तेव्हा काय करावे? मोठे कलाभवन बांधू या, अनुदान मागू या, असे मी सुचविणार नाही. भवन बांधून होईपर्यंत माळ्यावरची चित्रे उंदीर खाऊन टाकतील. माझी सूचना फार लहान आहे. अशा व्याख्यानमालेच्या काळात एक शेजारची खोली किंवा एक ओसरी मागून घ्यावी. दोऱ्या बांधाव्यात आणि गावातल्या मंडळींनी आपले काम आणून लावावे. पेन्सिलीचे चित्र, क्रोशाचा रुमाल, लाकडाचे खेळणे, कागदाचा आकाशकंदील, गोधडी, सारे एका रांगेत. पंच नकोत, बक्षीस नको. आमच्याकडे बक्षीस आले की पहिल्या क्रमांकाभोवती गर्दी होते आणि बाकीची चित्रे पोरकी होतात. प्रत्येक कामाखाली एक चिठ्ठी असावी. काढणाऱ्याचे नाव, तो काय काम करतो, कशाने केले, किती दिवस लागले. या गावची रचना आखीव आहे, गल्ल्यांना नावांऐवजी क्रमांक आहेत. एक एक वर्षी दोन दोन गल्ल्यांनी हा भार उचलला तर तीन-चार वर्षांत सगळे गाव फिरून होईल. आणि एक वही ठेवावी. तीत पाहणाऱ्यांनी दोन ओळी लिहाव्यात. त्या वह्या जपल्या, तर आणखी पन्नास वर्षांनी एखाद्या संशोधकाला त्या दप्तराइतक्याच मोलाच्या वाटतील.

पाहणाऱ्यांसाठीही दोन शब्द. आपण घाबरून दाद देत नाही, 'आपल्याला यातले काय कळते' म्हणतो. दाद देण्यास विद्वत्ता लागत नाही. 'छान आहे' एवढे म्हणून पुढे सरकू नये, आणि 'याचे काही पैसे मिळतात का?' हा प्रश्न तर कधीच विचारू नये. त्या प्रश्नाने कित्येक हात कायमचे थांबले आहेत. विचारावे ते रुखवतापुढे विचारले जाई तेच. हे कसे केले? हा रंग कोठून आणला? हे झाड कोठले? असा प्रश्न विचारला की करणारा बोलू लागतो. त्याला कळते की आपले काम कोणीतरी नीट पाहिले. खोटी स्तुतीही नको. जे आवडले नाही त्याविषयी गप्प बसले तरी चालते. पण पाहिल्याशिवाय जाऊ नये.

हे केल्याने गावात मोठे चित्रकार निर्माण होतील असे वचन मी देत नाही. शंभरांतले नव्व्याण्णव जण आहेत तेथेच राहतील, आपापल्या नोकऱ्या करतील, आणि रात्री थोडा वेळ चित्र काढतील. त्यांच्यासाठीच हे सर्व करावयाचे आहे. ज्या गावात शेजाऱ्याच्या हातात काय आहे हे शेजाऱ्याला ठाऊक असते, ते गाव राहण्यास बरे असते. आणि शंभरांतला एखादा हात बहिणाबाईंच्या ओवीसारखा असेल, तर निदान तो आपल्या हयातीत आपले काम भिंतीवर टांगलेले पाहील.

आज घरी गेल्यावर आपण एक करावे अशी माझी विनंती आहे. घरात कोणी काही काढीत असेल, विणीत असेल, कोरीत असेल, तर ते काढून दाखविण्यास सांगावे आणि दिव्याखाली धरून नीट पाहावे. मुलांचे तर पाहावेच, पण आईचे, वडिलांचे, घरातल्या काकूंचेही पाहावे. त्यांना कदाचित इतक्या वर्षांत कोणी विचारलेच नसेल.